मिटल्या डोळ्यांचा सौदा

इम्तियाज मुजावर चोर आहे, एवढंच सुप्रभा चौगुलेने लिहून द्यायचं होतं.

कागदावर शब्द तसे नव्हते म्हणा. सह्यकडा कमोडिटीजचे व्यवस्थापक रांगणेकर असले उघडे शब्द कधी वापरत नसत. कागदावर सभ्यपणे छापलं होतं, 'सदर कर्मचाऱ्यास व्यवहाराच्या वेळेत खासगी फोन वापरताना मी वारंवार पाहिले आहे.' खाली ठिपक्यांची ओळ आणि ओळीखाली तिचं नाव, आधीच टाईप केलेलं.

"पण मी पाहिलेलं नाही," सुप्रभा म्हणाली.

"मॅडम, चार वर्षं तुम्ही त्याच्या शेजारी बसता. कधीतरी काढलाच असेल की फोन."

"बायकोला दवाखान्यात नेलं होतं तेव्हा एकदा काढला होता. तोही जिन्यात जाऊन."

"झालं तर मग," रांगणेकर प्रसन्न हसले. "जिन्यात का होईना, पाहिलात ना? बुधवारी बाजार नियामकांच्या अधिकारी येतायत. त्यांच्यासमोर सही करा, म्हणजे विषय संपला. आणि हो, डोळे कसे आहेत तुमचे?"

शेवटचा प्रश्न त्यांनी इतक्या मायेने विचारला, की सुप्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या डोळ्यांतल्या लेन्स कंपनीच्या मालकीच्या होत्या. नोकरी गेली की जमा करायच्या. हे रांगणेकरांना माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हेही रांगणेकरांना माहीत होतं. "विचार करते," एवढंच बोलून ती उठली. तो कागद आपण त्यांच्या तोंडावर का फेकला नाही, याचा संताप तिला पुढे दोन दिवस पुरला.

सह्यकडाची कचेरी सांगलीच्या मार्केट यार्डासमोर पहिल्या मजल्यावर होती. खाली हळदीच्या पोत्यांचा वास, वर अकरा माणसं आणि प्रत्येकासमोर सहा स्क्रीन. व्यवहार हळदीच्या वायद्यांचा, म्हणजे पुढच्या महिन्यांत द्यायच्या-घ्यायच्या मालाचा भाव आजच ठरवायचा. मसाल्याचे कारखानदार सकाळी सांगत, आज इतकी हळद घ्या. कुठल्या क्षणी घ्यायची, ते मात्र टेबलावरच्या माणसावर सोडलेलं. तो क्षण ओळखण्यातच सगळं कसब होतं. गणिताची यंत्रं येऊन दहा वर्षं झाली होती, तरी हळदीचा अंदाज माणसालाच जास्त बरा येतो, असं जुने कारखानदार मानत आणि म्हणून सह्यकडाकडे येत.

आणि गेले पाच महिने तो क्षण फुटत होता. घेण्याचा निर्णय झाला, हात बटणाकडे निघाला, की अर्ध्या सेकंदात कुणीतरी आधीच खरेदी करून मोकळं होई. भाव चढे, आणि तोच चढा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडे. एकदा झालं तर नशीब. रोज झालं तर चोरी. कारखानदारांनी तक्रार केली आणि सह्यकडाने तत्परतेने चोर शोधला. अकरा माणसांत ज्याचा काका परगावी दुसऱ्या दलालाकडे कामाला होता, तो इम्तियाज. पुरावा एवढाच. शुक्रवारी दुपारी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र सगळ्यांदेखत काढून घेतलं गेलं.  त्याने खुर्चीवरचा स्वेटर तेवढा घेतला आणि गेला.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, तुमच्याकडनं सही मागितली म्हणे. करून टाका."

"शुद्धीवर आहेस का?"

"तुमच्या लेन्स जातील. मागचं विसरलात? जिना उतरताना मी हात धरायचो तुमचा."

तो निमूटपणे तिचीच काळजी करत होता, आणि त्यामुळे तिचा राग आणखी भडकला. "तोंड बंद ठेव आणि बुधवारी अकराला कचेरीत ये," तिने खडसावलं आणि फोन ठेवला.

मागचं ती विसरणार कशी? दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिचे डोळे म्हणजे निखारे होते. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो. स्क्रीनवर टक लावली की ते चार-पाचवर येतं. पापणी लवली नाही की बुबुळावरचा अश्रूंचा पातळ थर काही सेकंदांतच फाटतो आणि बुबुळ उघडं पडून सुकायला लागतं. शिवाय जवळचं दिसावं म्हणून डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा बारीक स्नायू सतत आवळलेला राहतो. बारा तास मूठ आवळून बसून पाहा, मग त्या स्नायूचं दुःख कळेल. सुप्रभाला संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन दिसत. घरी आलं की ओला पंचा डोळ्यांवर घेऊन पडायचं, बस. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, स्क्रीन सोडा.

मग कंपनीने 'विसावा' लेन्स आणल्या. या लेन्सचं भिंग जवळ-लांबचं आपणच जुळवून घेई, त्यामुळे आतल्या स्नायूला सुट्टी. कडेचा केसाहून बारीक संवेदक अश्रूंचा थर किती उरलाय ते मोजी. थर विरळ झाला की पापणीच्या नसेला इतकी हलकी टिचकी देई, की पापणी आपसूक मिटे. पण भलत्या क्षणी ती मिटली तर व्यवहार हुकायचा. म्हणून टिचकी केव्हा द्यायची ते लेन्सला शिकावं लागे. आपल्याला वाटतं पापणी कशीही लवते. तसं नसतं. मन कशावर खिळलेलं असेल तोवर ती थांबते आणि वाचताना वाक्य संपलं, ऐकताना मुद्दा संपला, मनाशी काही ठरलं, की लवते. लेन्स ही लय टिपून घेई, बाहुली केव्हा विस्फारते तेही टिपून घेई आणि टेबलाखालच्या एका काळ्या डबीला कळवी. डबी महिनोन्महिने प्रत्येकाची लय शिकत जाई. माहितीपत्रकात हे सगळं चित्रांसकट होतं. सुप्रभाने ते कौतुकाने वाचलं होतं. डबी आणखी काय करते, हे विचारायचं अकरापैकी एकालाही सुचलं नाही. डोळ्यांतली आग विझली होती, प्रश्न कोण विचारतो?

रविवारी ती गावभागात आण्णांकडे गेली. नेमगोंडा चौगुले, तिचे वडील, चाळीस वर्षं हळदीचे दलाल. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती, म्हणून दर रविवारी सुप्रभा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. आधी भाव, मग मयतांच्या बातम्या, मग जमलं तर राजकारण. डोळे बिघडले होते तेव्हा हे वाचन बंद पडलं होतं आणि विसावा आल्यावर पुन्हा सुरू झालं. आण्णा त्या दिवशी नवा सदरा घालून बसले होते, हे तिला अजून आठवत होतं.

आज तिने भावाचं पान उघडलं आणि मिटलं.

"वाच की गं. आवाज का बसलाय तुजा?"

तिने सगळं सांगितलं. आण्णा मांडीवरचा रुमाल चाचपत राहिले. सौद्याचा जुना, हळदीच्या डागांचा रुमाल. आण्णांच्या काळी सौदा या रुमालाखाली होई. घेणारा आणि देणारा दोघं रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव बोलत. भोवती पन्नास माणसं उभी, पण आकडा दोघांनाच कळे. हात बोलत असताना आण्णा डोळे मिटून घेत, कारण हात झाकला तरी चेहरा उघडाच असतो. लहानपणी फ्रॉक घालून त्यांच्याबरोबर यार्डात जाणाऱ्या सुप्रभाने ही सवय उचलली. बटण दाबण्याआधी ती क्षणभर डोळे घट्ट मिटून घेई. मन शांत होतं, घाईची चूक टळते, असं तिचं म्हणणं. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच शिकवलं होतं. आज अख्खं टेबल डोळे मिटूनच व्यवहार करत होतं आणि रांगणेकर त्याला थट्टेने 'चौगुलेबाईंची प्रार्थना' म्हणत.

"मुजावराचं पोरगं भाव फोडतंय म्हणत्यात?" आण्णा म्हणाले. "त्येच्या आज्ज्यानं माज्यासंगं तीस वर्सं रुमालाखाली हात घातलाय. कवा चकार शब्द भायेर गेला न्हाई."

"आजोबांवरून नातवाचा पुरावा होत नाही, आण्णा."

"मग तू शोध की. फुटतोय कवा? हात हलल्यावर का आदुगर?"

"आधी. मी डोळे मिटते, उघडते, बटण दाबते, तोवर भाव पळालेला असतो."

"डोळं कशापायी मिटतीस?"

"आता हे मी सांगू? तुम्हीच शिकवलंत!"

"आगं, माज्या म्होरं माणूस असायचा. त्येला माजं डोळं दिसू नयेत म्हणून मिटायचो. तुज्या म्होरं कोण हाय?"

"कोणी नाही. स्क्रीन."

"मग मिटतीस कुणापास्नं?"

सुप्रभाचं बोट आपसूक पापणीवर गेलं. पापणी मिटली की स्क्रीन बाहेर राहतो. लेन्स मात्र आत राहते. साधी पापणी दिवसात हजारो वेळा लवते, तिच्यातून निर्णयाचा क्षण हुडकून काढायला यंत्राला घाम फुटला असता. पण सुप्रभाने आपल्या हाताने उरलेल्या दहाही माणसांना शिकवून ठेवलं होतं, ठरलं की डोळे घट्ट मिटा, मोजून एक क्षण. म्हणजे चोराला घरात शिरायला भिंत फोडावी लागली नाही. हिनेच प्रत्येक दाराला घंटा बांधून दिली होती.

"आण्णा," ती म्हणाली, "भाव मी फोडलाय."

सोमवारी तिने खात्री करून घेतली. सहा महिन्यांनंतरच्या वायद्यात सहसा कुणी फिरकत नसे, तिथला भाव तळ्यासारखा निपचित. तिथे तिने एका लहानशा खरेदीची ऑर्डर भरून ठेवली, पाठवली नाही. हात मांडीवर घेतले आणि दहा मिनिटं नुसती बघत बसली. आकडा हलला नाही. मग तिने डोळे मिटले. उघडले, तेव्हा भाव चढलेला होता. काहीच विकत न घेता! तिने चारदा करून पाहिलं आणि चारदा तेच झालं. घ्यायचं काय हे कंपनीला सकाळपासून ठाऊकच असे, अडलेलं असे ते फक्त 'केव्हा'. ते 'केव्हा' तिच्याच बुबुळावरून उचलून कंपनीच आधी खरेदी करत होती. ज्या हाताने तिच्या डोळ्यांवर फुंकर घातली, त्याच हाताने खिसा कापला होता आणि वर बोट इम्तियाजकडे दाखवलं होतं. तिला शिसारी आली. डोळे चोळावेसे वाटले, पण डोळ्यांत तर चोरच बसलेला.

मंगळवारी चहाच्या सुट्टीत तिने टेबलावरच्यांना सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग एकाने चहा थंड झाल्याची तक्रार केली, दुसऱ्याला घरून फोन आला. "ताई, खरं असेलही, पण लेन्स काढून घेतल्या तर आमचं काय?" तिसरी म्हणाली. निदान ती खरं बोलली.

बुधवारी अकरा वाजता काचेच्या खोलीत नियामकांच्या चौकशी अधिकारी नाडगौडा बसल्या होत्या. पन्नाशीच्या, खादीची साडी, चेहऱ्यावर कसलाच उतार-चढाव नाही. शेजारी रांगणेकर. दाराशी इम्तियाज उभा होता, कारण त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"खुर्ची घे," सुप्रभा त्याला म्हणाली आणि मग नाडगौडांकडे वळली. "बाई, कागदावर सही करण्याआधी मला पाच मिनिटं आणि एक स्क्रीन हवाय."

रांगणेकर काही बोलणार, तोच नाडगौडांनी मान हलवली.

सुप्रभाने लांबच्या वायद्यात ऑर्डर भरली आणि न पाठवता ठेवली. मग पिशवीतून आण्णांचा रुमाल काढला, टेबलावर पसरला आणि दोन्ही हात त्याच्याखाली घातले. कळफलक तिच्यापासून हातभर दूर होता.

"घड्याळ लावा," ती म्हणाली.

तीन मिनिटं काहीच झालं नाही. रांगणेकर जांभई दिल्यासारखं करत होते. मग सुप्रभाने डोळे मिटले.

"भाव चढला," नाडगौडा म्हणाल्या.

"योगायोग," रांगणेकर म्हणाले.

तिने पुन्हा केलं. पुन्हा चढला. तिसऱ्या वेळी नाडगौडांनी आपणच सांगितलं, "मी म्हणेन तेव्हा मिटा." त्यांनी म्हटलं, हिने मिटले, आणि भाव चढला. रांगणेकरांचा योगायोग या वेळी जरा हळू आवाजात आला. "एकाच व्यक्तीचं..." ते पुटपुटले.

सुप्रभा काचेपलीकडच्या टेबलाकडे वळली. सगळे इकडेच बघत होते. तिने कुणाला हाक मारली नाही. थोडा वेळ गेला, मग काल चहाच्या वेळी खरं बोललेली ती मुलगी आपल्या स्क्रीनवर काहीतरी भरू लागली. हात मांडीवर घेऊन तिने डोळे मिटले. तिच्यामागून आणखी दोघांनी. नऊपैकी तिघांनी फक्त. पण निपचित वायदा उकळत्या दुधासारखा वर आला.

"आता शेवटचं," सुप्रभा म्हणाली. तिने खाली वाकून आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यातली लेन्स काढली आणि दोन्ही चहाच्या बशीत ठेवल्या. पुन्हा हात रुमालाखाली घातले आणि डोळे मिटले. एकदा. दोनदा. पाचदा.

भाव जागचा हलला नाही.

"या लेन्स त्या काळ्या डबीला कळवतात," ती म्हणाली आणि काचेपलीकडच्या टेबलाखाली बोट दाखवलं. दोन वर्षं दुसऱ्याच्या जिवावर विसावलेले सुप्रभाचे डोळे झोंबायला लागले आणि घळाघळा वाहू लागले.

"त्या टेबलाखालच्या डबीची तार कुठे जाते?" नाडगौडांनी विचारलं.

"ते... तांत्रिक बाब आहे," रांगणेकर म्हणाले. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं आणि आवाजात जीव आला. "आणि मॅडम, सगळ्यांची लेखी संमती आहे! 'डोळ्यांतून मिळणारी माहिती सेवा सुधारण्यासाठी वापरली जाईल.' कलम चौदा. यांची स्वतःची सही आहे."

सुप्रभा ताडकन उठली. "सही माझी आहे, रांगणेकर. डोळे दुखत होते म्हणून केली. दुखणाऱ्या माणसासमोर कागद धरला की तो करतोच सही, तुम्हाला हे चांगलं ठाऊक आहे, नाहीतर शुक्रवारी मला डोळे कसे आहेत असं विचारलं नसतंत! लेन्स तुमची, डबी तुमची, घेऊन जा. पण मी कधी काय ठरवलं, हे माझं होतं. डोळे मिटायची रीत माझ्या बापाची होती. ती कुठल्या कलमात लिहून दिली मी तुम्हाला? आणि चोरी तुमच्या घरात असताना या माणसाचं ओळखपत्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ओढून घेतलंत, त्याची संमती कोणत्या कागदावर आहे?"

"रडू नका, शांत व्हा..."

"मी रडत नाहीये! डोळे आहेत, त्यांतून पाणी येतं. तुमच्या यंत्राला विचारून येत नाही."

नाडगौडा उठल्या. त्यांनी दार उघडून आपल्या माणसाला बोलावलं आणि डबीची तार छतातून जिथे वर चढत होती, त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीला कुलूप लावून मोहोर करायला सांगितलं. रांगणेकर फोनकडे हात नेऊ लागले. "तो टेबलावर ठेवा," नाडगौडा म्हणाल्या. "व्यवहाराच्या वेळेत खासगी फोन वापरू नये, असं तुमच्याच कागदात वाचलं मी."

मग त्यांनी नवा जबाब टाईप करून घेतला आणि सुप्रभासमोर ठेवला. तिने कागद जवळ धरला, लांब धरला. अक्षरं पाण्यात सांडल्यासारखी पसरली होती. आता रविवारचं वर्तमानपत्रही असंच दिसेल, हे तिला त्याच वेळी कळलं आणि आण्णांचा नवा सदरा आठवला.

"इम्तियाज, वाच रे," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

इम्तियाजने कागद घेतला. पहिल्या दोन ओळी त्याने सरळ वाचल्या. "'भाव फुटण्याचा आणि श्री. इम्तियाज दस्तगीर मुजावर यांचा...'" तो थांबला. कागद दोन्ही हातांत धरला. "'...मुजावर यांचा काहीही संबंध नाही, हे मी माझ्या समक्ष झालेल्या प्रयोगावरून...'"

"पुन्हा वाच. मोठ्याने. बाहेरच्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने पुन्हा वाचलं. काचेपलीकडे कुणीतरी खुर्ची मागे सारून उभं राहिलं.

"ताई, सही इथे," तो म्हणाला आणि तिचं बोट धरून ओळीवर टेकवलं.

सुप्रभाने पेन उचललं. सवयीने पापण्या जड झाल्या, मिटायला आल्या. तिने त्या मिटू दिल्या नाहीत. झोंबणारे, वाहणारे डोळे सताड उघडे ठेवून, रांगणेकरांकडे बघत तिने सही केली.